राहिलेली पोचवणी

बपेऱ्यात भोजराजला कोणी गायक म्हणत नाही, आणि खरं सांगायचं तर गळ्यानं तो निव्वळ रेडा आहे. माणूस मोटार वाइंडिंगच्या दुकानाचा. पण दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी समाज मंदिरात लोकगाण्यांची बैठक बसते, ती त्याच्याच जिवावर. कोणी दऱ्या आणतं, कोणी चहाचं पाहतं, योगेंद्र आपल्या मंडपाच्या धंद्यातले भोंगे फुकट लावून देतो. वर्गणी नाही, हारतुरे नाहीत, आमदारासाठी वेगळी खुर्ची नाही. गाणाऱ्यानं गावं आणि बाकीच्यांनी गप बसावं, एवढंच भोजराजचं म्हणणं.

आता गाणाऱ्यांचं काय असतं, माइक एकदा हातात आला की सुटत नाही. दुसऱ्याच वर्षी तुमसरकडच्या एका खडी गंमतवाल्या, म्हणजे इकडच्या तमाशावाल्या पार्टीनं दिवस बुडेपर्यंत जागा सोडली नाही. नदीपलीकडून, मध्य प्रदेशातून आलेली भजनी मंडळी न गाता शिव्या देत परत गेली. तेव्हापासून भोजराजनं समोर एक घड्याळ आणि घंटी ठेवली. सगळ्यांना वेळ सारखा, वेळ संपला की टण्ण. सरपंचाच्या भावालाही त्यानं अर्ध्या पोवाड्यातून उठवलं होतं. लोक हसायचे, पण मनातून मानायचे. भोजराजलाही त्याचा गर्व होता, आणि का नसावा?

गोमाजीकाका त्याच्याच गल्लीतला. मांडीवर डाक, म्हणजे मोठ्या डमरूसारखं वाद्य घेऊन, तिच्यावर काडी मारत देवीचं गाणं म्हणणारा आजूबाजूच्या गावांत तो एकटाच उरलेला. त्याच्या घराण्याची रीत मोठी कडक. गाण्यात आधी देवीला बोलवायचं, मग तिची कथा सांगायची, आणि शेवटी तिला पोचवून द्यायचं. गोमाजीनं अर्धी ओळ म्हणायची, उरलेली अर्धी त्याची बायको ललिताबाई हिनं उचलायची. ती अर्धी ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच. पण मुख्य गाणाऱ्यानं ती स्वतः म्हणायची नाही, कोणाला शिकवायची नाही. ज्यानं ऐकून धरली, त्याचीच ती.

"देवीचं गाणं घरातलं आहे, चारचौघात कायले?" म्हणत गोमाजी टाळायचा. भोजराज हट्टाला पेटला. कैक वर्षं मागे लागला, तेव्हा कुठे ललिताबाईनंच नवऱ्याला राजी केलं. अट एकच, मोबाइलवर कोणी भरून घ्यायचं नाही.

त्या रविवारी समाज मंदिरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. डाक घुमत होती, कथा रंगात आली होती, बाया पदरानं डोळे पुसत होत्या. बाहेर तुमसरची पार्टी आपल्या पाळीसाठी चुळबुळत उभी, त्यांना गाऊन शेवटची एसटी धरायची होती. वेळ संपला. योगेंद्र हळूच म्हणाला, "राहू दे गा, पोचवणी बाकी आहे अजून."

"काकाले सोडलं तं उद्या सगळेच मागतीन," भोजराज म्हणाला, आणि त्यानं घंटी वाजवली.

गोमाजीची काडी थांबली. भांडायचा त्याचा स्वभावच नव्हता. त्यानं डाक फडक्यात बांधली, ललिताबाईला उठायला हात दिला, आणि दोघं उन्हातून घरी गेली.

पंधरवडा उलटला नाही तोच ललिताबाई गोठ्यात शेण काढता काढता पडली. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून परत आणली तेव्हा उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं, बोलणं बंद. डॉक्टरनं बीपी सांगितला. गावानं देवी सांगितली. बोलावून आणली अन् पोचवली नाही, मग दुसरं काय होईल? लोकांच्या तोंडाला काही झाकण नसतं. पुढच्या बैठकीला दऱ्या आल्या नाहीत, चहावाल्याला नेमकं त्याच दिवशी शेतात काम निघालं. भोजराज ज्याला त्याला बीपी समजावून सांगत फिरला. पण देवी खरी असो नाहीतर खोटी, म्हाताऱ्याचं गाणं त्यानंच तोडलं होतं. ते पुरं झाल्याशिवाय त्याच्या जिवाला थारा नव्हता.

शेवटी नारळ घेऊन तो गोमाजीच्या ओसरीवर गेला. "काका, पुरं करा जी. लागन तेवढा वेळ लागू द्या."

गोमाजीच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "माझी ओळ मले येते गा," तो म्हणाला. "तिची मले म्हणता येत नाही. त्या दिवशी ज्यानं ऐकली, त्याले घेऊन ये."

भोजराज घरोघर फिरला. ओळ येणारे गावात चारदोन निघालेही, पण आता ती तोंडात घ्यायला कोणी धजेना. योगेंद्रनं सरळ हात जोडले. "माझे लेकरं लहान आहेत गा."

दुसऱ्या दिवशी भोजराज एकटाच परत आला. "मी उचलतो, काका."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्यानं बायकोची खाट ओसरीवर ओढून घेतली, डाक मांडीवर घेतली, डोळे मिटले. अर्धी ओळ म्हटली आणि थांबला.

ललिताबाईचे ओठ हलले, पण नुसती हवा निघाली. भोजराजनं तोंड उघडलं. ओळ कितीदा तरी त्याच्या समोर म्हटली गेली होती, पण त्यातला एक शब्द जिभेवर येईना. गोमाजीनं पुन्हा अर्धी ओळ म्हटली आणि वाट पाहिली. भोजराजनं दुसरं एखादं गाणं तरी आठवून पाहिलं. ही ओळ तर राहिलीच, इतक्या वर्षांच्या बैठकांतलं एकसुद्धा गाणं त्याच्यापाशी नव्हतं.

"समोरच तं बसला होता तू," गोमाजी म्हणाला.

"होतो, काका. पण मी घडीच पाहून राहिलो होतो."

गोमाजीनं काडी खाली ठेवली. "मंग आता देवी इथंच राहीन," तो म्हणाला. ललिताबाईनं भिंतीकडं तोंड फिरवलं.