आबांचा उजवा कान

एकाहत्तरच्या लढाईनंतर आबा घरी आले ते धडधाकट हातापायांनी. त्यामुळे त्यांचं काय गेलंय हे गावाला बरेच दिवस कळलंच नाही. ते तोफखान्यात होते. तोफांच्या आवाजानं त्यांचा डावा कान पार गेला होता, उजव्यात थोडं उरलं होतं. कवठे महांकाळच्या बाजारात कुणी मागून हाक मारली की ते वळायचे नाहीत, आणि फौजेत जाऊन माणूस ताठ झाला, असं लोक म्हणायचे.

घरात आई त्यांच्या उजव्या बाजूला बसून कानाशी बोलायची. मी मात्र वहीत लिहून दाखवायची. ते वाचायचे आणि मोठ्यांदा उत्तर द्यायचे, कारण स्वतःचा आवाज त्यांना नीट कळत नसे. आमच्या घरातली कुठलीच गोष्ट त्यामुळे चार घरांत लपून राहिली नाही.

मी मॅट्रिक झाले तेव्हा मला मास्तरीण व्हायचं होतं. सांगलीला मुलींचं अध्यापक विद्यालय होतं, पण माझे मार्क बेताचेच होते. माझा मामा मलकापूरला राहायचा. त्याचा ऊस होता, आणि शेजारीपाजारी फौजेतून आलेली पुष्कळ माणसं होती. त्यानं खबर आणली, की लढाईत कामी आलेल्या किंवा कायमच्या निकामी झालेल्या जवानांच्या मुलांसाठी तिथं एक जागा राखून ठेवलेली असते. आबांच्या फौजेच्या कागदावर कानाला इजा एवढंच लिहिलेलं होतं. किती इजा, ते सांगलीच्या सरकारी दवाखान्यातून लिहून आणायचं होतं.

आम्ही तिघं सकाळच्या एसटीनं गेलो. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर नंबराची वाट बघत असताना मामा आणखी दोघांशी बोलून आला आणि हळूच मला म्हणाला, "कानावाल्यांत ती जागा ज्यांला अजिबात ऐकू येत न्हाई त्यांच्याच पोरांला मिळती. दाजींला सांग, दोन्ही कान गेलेत म्हणायचं."

हे आबांना सांगायचं कसं? मामा त्यांच्या कानाशी बोलला असता तर सगळ्या व्हरांड्यानं ऐकलं असतं. म्हणून त्यानं वही माझ्या हातात दिली आणि मी ते लिहिलं. माझ्याच अक्षरात, माझ्याच हातानं. आबांनी वाचलं आणि वही मिटून माझ्याकडे दिली. मला वाटलं, ऐकतील.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी आबांना स्टुलावर बसवलं आणि आवाज आला की बोट वर करा, असं मला कागदावर लिहायला सांगितलं. मग ते आबांच्या पाठीमागं उभे राहिले. त्यांच्या हातात चिमट्यासारखं लोखंडी काहीतरी होतं. ते टेबलावर आपटून डाव्या कानाशी धरलं. आबा तसेच बसून राहिले. मग उजव्या कानाशी धरलं. मी मनात म्हणत होते, हलू नका, आबा, नुसतं बसून राहा.

आबांनी बोट वर केलं.

त्यांचा चेहरा मला समोरून दिसत होता. तो उजळला होता. किती तरी दिवसांनी इतका बारीक आवाज त्यांना आला असावा. डॉक्टरांनी तो चिमटा हळूहळू लांब नेला, आणि आबा मान थोडी कलती करून, तो आवाज सुटू नये म्हणून डोळे मिटून बसले. बोट वरच होतं. आवाज संपला तेव्हा त्यांनी ते खाली घेतलं.

बाहेर आल्यावर मामानं कपाळावर हात मारला. आबा आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आमच्या तोफेवरच्या दोघांला कायबी ऐकू येत न्हाई. त्यांची पोरं हायत. मी त्यांच्यात माजं नाव कसं घालू?" व्हरांड्यातली सगळी माणसं आमच्याकडे बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दाखल्यावर अर्धवट बहिरेपण असं आलं. ती जागा दुसऱ्या मुलीला गेली.

बहिऱ्या माणसाशी अबोला धरणं लय सोपं असतं. वही उघडायची नाही, एवढंच. मी ती जवळजवळ चार महिने उघडली नाही. आबांनी त्याबद्दल मला एका शब्दानंही छेडलं नाही. शेरडं राखली, विहिरीवर गेले, जेवताना आईशी बोलले. दिवाळी झाल्यावर एक दिवस ते एकटेच सांगलीला जायला निघाले. कान गेल्यापासून ते एकटे परगावी जात नसत, कारण रस्त्यावर मागून येणारी गाडी त्यांना कळत नसे. आई दारात उभी राहून नको म्हणत होती. ते गेले आणि अंधार पडायच्या आत परत आले.

सोल्जर बोर्डाच्या कचेरीतून ते अर्ज घेऊन आले होते. अर्धवट बहिरेपणाच्या दाखल्यावर राखीव जागा मिळत नसली तरी फी माफ होत होती, पुस्तकांना मदत होती, वसतिगृहात राहता येत होतं. हे त्यांनी तिथल्या कारकुनाकडून कागदावर लिहून घेतलं होतं. तो कागद माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "पुढल्या साली तुज्या मार्कावर जागा घे पोरी. बाकीचं माज्या कानावर हुतंय."

मी वही शोधून आणली. त्या दिवशी काय लिहिलं ते आता आठवत नाही, पण पुष्कळ लिहिलं.

पुढच्या वर्षी जागा वाढल्या होत्या आणि यादी उतरत उतरत माझ्यापर्यंत आली. वसतिगृहात मला एक वर्ष पुढे असलेली मुलगी भेटली. पाटणकडची होती, अबोल, सकाळी सगळ्यांच्या आधी उठून वाचत बसणारी. तिचे वडील लढाईत कामी आले होते. आदल्या वर्षीची ती राखीव जागा तिलाच मिळाली होती. हे मला कळलं तेव्हा मी तिच्या खोलीबाहेर उगीचच थोडा वेळ उभी राहिले. तिला मात्र मी कधी काही सांगितलं नाही.

सुट्टीत घरी आल्यावर आबांना सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "अभ्यासाला कशी हाय?"

माझ्यापेक्षा चांगली आहे, असं मी लिहिलं.

"मग झालं तर," ते म्हणाले. "दिवाळीला हिकडं आण तिला."

ती आली. आईनं धपाटे केले होते. आबांनी तिला वडिलांची पलटण विचारली आणि तिनं ती जमिनीवर बोटानं लिहून दाखवली. आबा उकिडवे बसून कितीतरी वेळ ती अक्षरं बघत होते. मग त्यांनी तिच्या वडिलांबद्दल, त्यांच्या गावाबद्दल, त्यांना काय आवडायचं त्याबद्दल विचारलं. वसतिगृहात दिवसभरात चार वाक्यं न बोलणारी ती मुलगी त्यांच्या उजव्या बाजूला सरकून बसली आणि बोलायला लागली. एवढ्या मोठ्यानं बोलताना मी तिला त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं.