धम्मपालचे सोमवार

टोकावड्याच्या शाळेत धम्मपाल माझ्याकडे चार वर्षं शिकला. गणितात साधारण, भूगोलात मात्र पहिला. नकाशावर रायपूर दाखव म्हटलं की नुसतं बोट ठेवून थांबायचा नाही, वाटेत कुठली गावं लागतात तेही सांगायचा. पुढे तो ड्रायव्हर झाला याचं मला नवल वाटलं नाही.

आसनगावजवळ हायवेला लागून एका ट्रान्सपोर्ट कंपनीचं आवार होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही. बावीस गाड्या होत्या, त्यातली एक दहाचाकी धम्मपालकडे. कसारा घाट चढून नाशिक, धुळे, अकोला, नागपूर आणि तिथून रायपूर. ताडपत्री तो स्वतः बांधायचा. दुसऱ्याने मारलेल्या गाठीवर त्याचा भरवसा नव्हता. जेवण ढाब्यावर, आंघोळ पेट्रोल पंपाच्या नळाखाली, झोप केबिनमधल्या फळीवर. घरी आला की चार दिवस मोठ्याने बोलायचा. "इंजिनाच्या वर आवाज काढायची सवय झालीय, गुरुजी," म्हणायचा. "कमळ म्हणते, हळू बोला, आमी बहिरे नाय."

कमळ त्याची बायको. ती आणि सासू सोनूबाई टोकावड्यातच, माळशेजच्या रस्त्याकडेच्या घरात राहत. धम्मपालला घरची खबर कळायला एकच वाट होती. मोठं गाव आलं की ड्रायव्हरने बूथवरून ऑफिसला फोन करायचा, कुठवर पोचलो ते सांगायचं. घरून निरोप असेल तर मुनीम तेव्हा देणार. मुनीम शामराव शहापूरचे. नीटनेटका माणूस, अक्षर वळणदार.

१९९४ च्या फेब्रुवारीत सोनूबाई आजारी पडली. मुरबाडच्या डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं आणि मुलाला बोलावून घ्या म्हणाले. नाक्यावरच्या बूथवरून फोन मी केला, सकाळी साडेदहाला. शामरावांनी सगळं लिहून घेतलं, नाव पुन्हा विचारून खात्री केली आणि निरोप देतो म्हणाले.

त्या संध्याकाळी धम्मपालने धुळ्याहून फोन केला. दुसऱ्या दिवशी अकोल्याहून, तिसऱ्या दिवशी नागपूरहून. शामरावांनी दर वेळी गाडी कुठे आहे ते विचारलं आणि पुढे जायला सांगितलं. रायपूरला माल उतरल्यावर परतीचाही भरायला लावला. सोनूबाई चौथ्या दिवशी गेली. धम्मपाल बाराव्या दिवशी एसटीतून उतरला, हातात मळक्या कपड्यांची पिशवी. दारातून काहीतरी थट्टेचं बोलत आत आला आणि कमळचा चेहरा पाहून थांबला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर आसनगावला गेलो. शामरावांनी काही नाकारलं नाही. निरोपांची वही फिरवून आमच्यासमोर धरली. तारीख होती, साडेदहाची वेळ होती, माझं नाव होतं.

"सांगितलं असतं तर गाडी वाटेत टाकून आला असतास," ते म्हणाले.

"हां. आलो असतो."

धम्मपालने किल्ली वहीवर ठेवली. मी त्याचं कोपर धरून होतो. बाहेर आल्यावर त्याने ते सोडवून घेतलं. "मारत नाय, गुरुजी. मारलं तर गाल दोन दिवसांत बरा होतो. मला एवढ्यात बरा होणारा माणूस नको."

मुरबाडच्या एका कारखान्याची गाडी त्याने धरली, पण सोमवारी सुट्टी या अटीवर. कारण आसनगावच्या कंपनीत नवे ड्रायव्हर सोमवारी काम मागायला येत. फाटकासमोर लखमाची चहाची टपरी होती. धम्मपाल सकाळी आठला तिथे बसायचा. लायसन घेऊन कोणी आला की त्याला चहा पाजायचा आणि सांगायचा: आई चार दिवस आजारी होती. मी रोज फोन करत होतो. मुनीम मला रोज पुढे पाठवत होता. वहीत लिहिलंय, आत गेलास की बघ.

एवढंच. नऊ वर्षांत त्यात एक शब्द वाढला नाही.

काहीजण तरीही आत गेले. बरेचजण कप ठेवून आल्या वाटेने परतले. वर्ष-दीड वर्षात शहापूर-मुरबाडचे ड्रायव्हर त्या फाटकाकडे फिरकेनासे झाले. मग कंपनीने उत्तर प्रदेशातून माणसं आणली. धम्मपालने त्यांना हेच हिंदीत सांगितलं, आणि ज्यांची आई रेल्वेने दोन दिवसांच्या वाटेवर होती ते तर सगळ्यात आधी उठले. शामरावांनी पोलीस बोलावले. हवालदाराने बसून चहा घेतला, चारही वाक्यं ऐकली आणि निघून गेला. एकदा शामराव स्वतः रस्ता ओलांडून आले, तुला हवंय तरी काय म्हणाले. धम्मपाल म्हणाला, "बसा ना. चहा घ्या."

२००३ साली बावीसपैकी सहा गाड्या चालत होत्या. बाकीच्यांच्या चाकांत गवत उगवलं होतं. दिवाळीपर्यंत ड्रायव्हर मिळाले नाहीत तर नोकरी सोडा, असं मालकाने शामरावांना सांगितलं, तेव्हा ते माझ्याकडे आले. थकले होते. तुमचा विद्यार्थी आहे, तुमचं ऐकेल, एवढंच पुन्हापुन्हा म्हणत होते.

मी धम्मपालकडे गेलो. तो गाडीची काच पुसत होता. माझं बोलणं पुरं होऊ दिलं आणि म्हणाला, "ऐकतो तुमचं. पण आधी सांगा, त्या चार दिवसांत आय काय बोलत होती? कमळ सांगत नाय."

कमळला मीच मना केलं होतं. आता मलाच सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला पुन्हा फोन केला होता. शामराव म्हणाले होते, निरोप मिळाला, धम्मपाल माघारी निघालाय. मी ते खरं मानलं आणि सोनूबाईला जाऊन सांगितलं. मग ती आत झोपेना. खाट ओट्यावर घ्यायला लावली. माळशेजकडून येणाऱ्या ट्रकने वळणावर गिअर बदलला की मान उचलायची, "आला गो, आला." चौथ्या दिवशी दुपारी तिने कमळला त्याच्यासाठी भात टाकायला लावला. भात उतरायच्या आत गेली.

धम्मपालने फडकं पिळलं, पुन्हा पिळलं.

"हे मुनीमाला सांगितलंय कोणी?"

"नाही."

"मग तुमी सांगा. असंच सगळं, मधलं कायपण न गाळता. मग मी टपरीवर जाणार नाय."

रविवारी मी शहापूरला शामरावांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी चंद्रकलाबाईंनी पाणी आणून दिलं. धम्मपाल यापुढे येणार नाही, हे मी आधी सांगितलं. शामरावांनी हात जोडले. मग मी पहिला दिवस सांगितला. दुसऱ्या दिवसाचा फोन सांगितला, त्यांनी दिलेलं उत्तर त्यांच्याच शब्दांत. चंद्रकलाबाई आत जायला वळल्या होत्या, त्या दारातच थांबल्या आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या.

सांगत सांगत मी तिसऱ्या दिवसावर, खाट ओट्यावर आली तिथे, पोचलो तेव्हा शामराव म्हणाले, "गुरुजी, बस करा."

पस्तीस वर्षांच्या नोकरीत कुठलंही पोर असं म्हणालं की मी छडी खाली ठेवत आलो. पण मरणाऱ्या बाईशी या माणसाने माझ्या तोंडून खोटं वदवून घेतलं होतं, आणि नऊ वर्षं ते माझ्यापाशी होतं. मी पाण्याचा पेला बाजूला सारला आणि त्यांना चौथा दिवस सांगितला.