वस्तादांनी बिघडवलेली मिशी

आमच्या वस्तादांना लोक वस्ताद म्हणतात ते कुस्तीमुळे नव्हे, कात्रीमुळे. सलून त्यांचं एवढंसं, पण एक कल्ला वर आणि एक खाली असा माणूस त्यांनी आपल्या खुर्चीतून जन्मात कधी उठू दिला नाही. गिऱ्हाइकाची गाडी सुटत असो की घरी पाहुणे खोळंबलेले असोत, वस्ताद आपले मान तिरकी करून कानामागचा एकच चुकार केस शोधत बसणार. "डोकं तुझं असलं तरी बाहेर नाव माझं जातं," असं ते वर ऐकवणार. असा हा माणूस साठीला टेकल्यावर पाठीवर सॅक बांधून परदेशात भटकायला गेला, ते केवळ मेहुण्याच्या कृपेने.

मेहुण्याने मोठ्या हौसेने दोघांची तिकिटं काढली आणि निघायच्या तोंडावर स्वतःच्याच घराच्या जिन्यावरून पडून पाय मोडून घेतला. "दाजी, तुम्ही तरी जा, निदान एक तिकीट तरी वसूल होऊ दे," असं तो प्लास्टरमधला पाय वर टांगलेल्या अवस्थेत म्हणाला. झालं! बायकोने सॅक इतकी ठासून भरली की पहिल्यांदा पाठीवर घेतल्यावर वस्ताद उताणे पडले. कात्री, फणी आणि वस्तरा मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने पंच्यात गुंडाळून तळाशी घातला.

"तिकडे कुणाची हजामत करणार आहात?" बायकोने विचारलं.

"कुणाची नाही गं. पण हाताला सवय असते."

विमानतळावरच्या रांगेत त्यांना दोन नवे मित्र मिळाले. एक होती दातांची डॉक्टरीण. लोकांच्या तोंडात बघून बघून कंटाळल्यामुळे ती जग बघायला निघाली होती. दुसरा एक पोरगेलासा माणूस, मानेपर्यंत केस वाढवलेला. तो माणसांशी कमी आणि फोनशी जास्त बोलायचा, म्हणून वस्तादांनी त्याचं नाव 'कॅमेरा' ठेवलं. दोघांनीही वस्तादांना 'काका' करून टाकलं आणि आपल्याच मुक्कामी नेलं.

मुक्काम म्हणजे एक लांबट खोली, एकावर एक रचलेल्या लोखंडी खाटा, दोरीवर दहा जणांचे टॉवेल आणि संडासाला रांग. वस्तादांनी पलंगाच्या शिडीवर बसकण मारली.

"म्हणजे पैसे भरून असं राहायचं?"

"काका, ह्याला बॅकपॅकिंग म्हणतात," कॅमेरा म्हणाला.

"माझ्या बापाने जन्मभर हेच केलं. त्याला बिचाऱ्याला कुणी नावच सांगितलं नाही!"

दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याला 'खरं जग' बघायचं होतं, म्हणून तिघं बाजाराच्या मागच्या बाजूला गेले. तिथे पुलाखाली माणसं राहत होती. पुठ्ठ्याच्या भिंती, प्लास्टिकचं छप्पर. एक बाई फेकलेल्या भाजीतून बरी पानं वेचून ओच्यात घेत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर लाज नव्हती की काही नव्हतं, रोजचं काम होतं. तेवढ्यात वस्तादांना खांबाला खिळ्याने अडकवलेला आरसा दिसला. त्याच्यापुढे ऑफिसातून टाकून दिलेली एक हाताची खुर्ची, आणि मागे एक म्हातारा न्हावी. हात कापतोय, खोकल्याने वाकलाय, वस्तऱ्याची धार कधीच गेलेली. तरी गिऱ्हाईक बसलेलं होतं, आणि म्हातारा एक हात मारला की खांबाला टेकून दम खात होता.

डॉक्टरणीने नोट पुढे केली. म्हाताऱ्याने ती परत तिच्या हातात कोंबली आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. बसायचं तर बस, नाहीतर चालू लाग.

"बरोबर आहे त्याचं," वस्ताद म्हणाले. "आमच्या धंद्यात आजाऱ्याला पैसे देत नाहीत. दुसरा कारागीर त्याच्या खुर्चीमागे उभा राहतो आणि गल्ला आजाऱ्याच्या घरी जातो. चला, व्हा बाजूला!"

खाणाखुणा करून त्यांनी म्हाताऱ्याला पुलाच्या पायरीवर बसवलं, पंचा सोडला आणि कात्री काढली. म्हातारा आधी चिडला. मग आपल्या डब्यात नाणी पडताना बघून गप्प झाला, आणि थोड्या वेळाने चक्क घोरायला लागला. वस्तादांना इतकं समाधान झालं की काही विचारू नका. इतका पुण्यवान माणूस आपल्या घराण्यात दुसरा झाला नाही, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

पण वस्तादांचा हात तो! बाजारभर बोभाटा झाला. सकाळी खुर्चीपुढे रांग, दुपारी रांग, हमाल काय, मासेवाले काय, कुणाच्या तरी लग्नाचा नवरदेव काय. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी म्हातारा जरा बरं वाटतंय म्हणून वस्तरा घेऊन उभा राहिला, तर खुर्चीतला हमाल ताडकन उठला आणि वस्तादांकडे बोट दाखवून रांगेच्या टोकाला जाऊन बसला. मग दुसरा उठला. मग तिसरा. म्हातारा आपला रिकाम्या खुर्चीमागे वस्तरा धरून उभा.

तेव्हा पुठ्ठ्याच्या घरातून त्याची म्हातारी बाहेर आली आणि वस्तादांवर जी तुटून पडली! डॉक्टरणीने फोन पुढे धरला. फोन गोड आवाजात मराठी बोलायला लागला: "तू उद्या निघून जाशील. हे लोक मग दुसऱ्या बाजारात जातील. ह्याच्याकडे आता कोण बसणार? आम्ही तुझं काय बिघडवलं होतं?"

वस्ताद खांबाला धरून खालीच बसले. रात्रीच्या गाडीची तिकिटं काढलेली होती. एका दिवसात त्यांनी म्हाताऱ्याची गिऱ्हाइकं परत मिळवून दिली नाहीत, तर दोन जिवांच्या तोंडचा घास ते स्वतःच्या हाताने काढून जाणार होते.

"काका, सोपं आहे," डॉक्टरीण म्हणाली. "वाईट कापा."

"काय?"

"मुद्दाम वाकडं कापा. लोक आपोआप म्हाताऱ्याकडे जातील."

"अगं, हे कसं शक्य आहे? तू चांगला दात उपटशील का?"

कॅमेरा मात्र मोठ्या मनाने पुढे आला आणि स्वतःचं डोकं दिलं. म्हणजे आधी त्याने केसांचा शेवटचा व्हिडिओ केला, डोळे पुसले आणि मग दिलं. वस्तादांनी डोळे मिटून उजव्या बाजूला भादरलं, डाव्या बाजूला पायऱ्या पाडल्या, आणि मध्ये एक झुबका उभा ठेवला. रांग निरखून बघत राहिली. मग पहिले चार तरुण एकदम खुर्चीकडे धावले. त्यांना तस्सेच केस हवे होते!

"मेलो!" वस्ताद म्हणाले. "माझा हात वाईटही चांगलंच करतो."

इतक्यात त्या चौघांना कोपराने बाजूला सारून बाजाराचा खाटीक खुर्चीत येऊन बसला. दाराएवढा माणूस, आणि ओठांवर अशी मिशी की लोक आधी मिशीला नमस्कार करत असावेत. त्याने फक्त टोकं नीट करायची खूण केली. वस्तादांनी वस्तरा उघडला. हात पुढे जाईना. त्यांनी म्हातारीकडे पाहिलं. मग त्यांनी बापाचं नाव घेतलं आणि डावीकडची अर्धी मिशी मुळापासून उतरवून टाकली.

खाटकाने आरशात पाहिलं. आणि मग असा काही ओरडला की कोंबड्यांची खुराडी हलली! त्याने वस्तादांची मानगूट धरून त्यांना अधांतरी उचललं. रांगेतले लोक छी-थू करायला लागले. काल हात जोडणारा हमाल आज चप्पल काढून उभा. कॅमेरा "सॉरी, सॉरी" करत गोल गोल फिरत होता.

अशा वेळी म्हातारा उठला. खोकत खोकत मधे घुसला, खाटकाच्या दंडावर थोपटलं, त्याला खुर्चीत बसवलं, आणि त्याच्याशी हळूहळू बोलत उरलेली अर्धी मिशी उतरवली. गाल पुसले. काहीतरी बोलून त्याला हसवलंसुद्धा. खाटकाने डब्यात नाणं टाकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हाताऱ्याचं कौतुक केलं. रांग मुकाट्याने म्हाताऱ्याच्या खुर्चीपुढे लागली. ते चार तरुणसुद्धा!

"जमलं, काका!" डॉक्टरीण कानात पुटपुटली. "चला आता, पळा."

वस्तादांनी सॅक पाठीवर घेतली, तेवढ्यात म्हाताऱ्याने त्यांची बाही धरली. त्याने त्यांची सॅक बघितली, चिखलाने भरलेले बूट बघितले, न धुतलेला सदरा बघितला. म्हातारीही येऊन उभी राहिली. तिचा राग पार गेला होता. दोघं एकमेकांशी काही बोलले आणि म्हाताऱ्याने फोनकडे बोट दाखवलं.

फोन म्हणाला: "ह्या वयात सगळं सामान पाठीवर घेऊन फिरतोस. तुला घर नाही का? मुलं सांभाळत नाहीत का?"

वस्तादांच्या ओठांवर सगळं आलं होतं. स्वतःचं सलून, तीन खुर्च्या, पंखा, वाट बघणारी बायको. पण रांग ऐकत होती. खरं कळलं तर ती पुन्हा इकडेच वळली असती, म्हणून त्यांनी नुसती मान खाली घातली.

म्हातारीने खुर्चीच्या मागची जागा हाताने झाडली. म्हाताऱ्याचं बोलणं फोनने पुन्हा मराठीत सांगितलं: "इथे झोप. आमच्यातलं खा. हात वाईट नाही तुझा, फक्त कुणी नीट शिकवलं नाही. मी शिकवतो."

म्हाताऱ्याने आपला बोथट वस्तरा वस्तादांच्या हातात दिला, त्यांची बोटं एकेक करून त्यावर नीट बसवली, आणि वरून स्वतःचा कापरा हात धरला. खुर्चीत हमाल गाल पुढे करून भीतभीत बसला होता. वस्तादांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"शिकवा," ते म्हणाले.