पडून उठणारा देवजी

लढाईच्या सिनेमाची मला किळस येते, आणि ती देवजीमुळे.

देवजी आमच्या मुरबाडकडचा. नाचणी-भात पिकवायचा, आणि दरवर्षी बोहाड्यात, म्हणजे मुखवटे घालून देव-राक्षस नाचवतात त्या आमच्या उत्सवात, राक्षसाचं सोंग घ्यायचा. शेवटल्या सकाळी देवीचा वार बसला की असा कोसळायचा की बायाबापड्या किंचाळायच्या. मग घरचं कोणी मुखवट्यावर तांब्यातलं पाणी शिंपडून त्याला नावाने हाक मारी. तसा तो हसत उठे आणि सगळ्यांआधी पंगतीला बसे. हाकेशिवाय मेलेल्या सोंगाने उठायचं नाही, असा रिवाज.

दुसरं महायुद्ध चालू होतं. बाजाराच्या दिवशी सरकारी मोटार यायची आणि अंधार पडला की कापडी पडद्यावर लढाईचे सिनेमे दाखवायची, फुकट. देवजी एकही चुकवत नसे. कुठला बघण्याजोगा नि कुठला भिकार, हे लोक त्यालाच विचारत. पूल उडतो तो झकास, नुसती कवायत असलेला टाकाऊ. माणसं कशी पडतात ते मात्र तो जाणकाराच्या नजरेने बघे. एकदा त्याने मोटारीवरच्या बाबूला विचारलं, "हे पडलेले मागून उठतात नं, सायेब?"

बाबूला भरतीसाठी पोरं हवी होती. "उठतात तर, चहा पितात," तो म्हणाला. मेल्याच्या जिभेला हाड नव्हतं.

देवजीने घरी येऊन तेच सांगितलं. बायको सकुबाई नको नको म्हणत असताना एकुलत्या एका लेकाला, नवसूला, त्याने भरतीला धाडलं. पुढच्या पावसाळ्यात नवसू ब्रह्मदेशात मेल्याची खबर आली. सकुबाईने ऊर बडवला. देवजी रडला नाही.

मोटार पुन्हा आली, तोच सिनेमा घेऊन. पडद्यावर शिपाई कोसळले तसा देवजी तांब्या घेऊन पुढे गेला, पडद्यावर पाणी शिंपडलं आणि हाका मारू लागला, "नवसू, ऊठ रे." सगळा जमाव खदाखदा हसला. त्यात नवसूच्या घरी जेवलेली माणसंही होती. बाबू पडदा भिजला म्हणून शिव्या देत होता. मला शिसारी आली, बाबूची आली त्याहून आमच्या लोकांची जास्त.

त्या वर्षीही देवजीने सोंग घेतलं. देवीचा वार बसला, तो पडला. सकुबाईने पाणी शिंपडून हाक मारली. तो उठेना. तिने पुन्हा मारली, तेव्हा मुखवट्याआडून तो म्हणाला, "नवसू उठंल तवा मी उठन."

हे आम्हा जवळच्यांनाच ऐकू आलं. बाकीच्यांनी टाळ्या पिटल्या. मरावं तर असं, सिनेमातल्यांनाही जमत नाही, असं माझ्या शेजारचा म्हणाला, आणि पंगत कधी बसणार ते विचारू लागला.