खिडकीतून खिडकीत

नेपरव्हिलहून ट्रेनने शिकागोला जाताना एक काकू रोज माझ्यासमोर बसून वहीत मराठी कविता लिहायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचा संपादक म्हणून एक कविता मात्र मागितली. तिच्यात नेपल्सच्या गल्लीत खिडकीतून खिडकीत भांडणाऱ्या बायका होत्या आणि यमक कुठेच नव्हतं.

म्हटलं, “काकू, इटलीऐवजी कोकण करू या का? लोक रिलेट करतील.”

त्यांनी कागद काढून घेतला. “वीस वर्षं राहिलेय त्या गल्लीत. त्या बायका यमकासाठी थांबायच्या नाहीत. मीही थांबणार नाही.”

दुसऱ्या दिवशी भरल्या डब्यात त्या उभ्या राहिल्या आणि कविता वाचू लागल्या. कुणीतरी ‘क्वाएट, प्लीज’ म्हणालं, तसा त्यांनी आवाज चढवला.

अख्ख्या डब्यात मराठी कळणारा मी एकटाच होतो.