एका काचेखालची लढाई

निजामपुऱ्यात फ्रेमवाल्या वनिताताईचं दुकान कुणालाही विचारा, थेट दारात आणून सोडतील. बुद्ध, बाबासाहेब, गणपती, नवरा-नवरी, नुकतेच वारलेले सासरे, सगळे तिच्या भिंतीवर गुण्यागोविंदाने राहतात. तिचा तोरा एकच, "आपण ठोकलेली फ्रेम परत उघडत नसतो."

कराटे शिकवणाऱ्या मनोजने तिच्याकडे तीन जपानी चित्रं दिली. लाकडी ठशांनी छापलेली समुराईंची लढाई, तिन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले की एक चित्र पूर्ण. संध्याकाळी त्याच्या नव्या क्लासचं उद्घाटन. भिंतीवरची लढाई बघून आईबाप पोरांची नावं घालतील, ही त्याची आशा. कागदांच्या मागे त्याने पेन्सिलीने एक, दोन, तीन असे आकडेही घातले होते.

वनिताताईने डावीकडून एक, दोन, तीन लावले, काच बसवली आणि खिळे ठोकले.

दुपारी मनोज न्यायला आला आणि फ्रेमकडे बघतच राहिला.

"ताई, हे एकमेकांकडे पाठ करून कुठे चाललेत?"

तिने चष्मा पुसून बघितलं. एक फौज डावीकडे निघाली होती, दुसरी उजवीकडे. घोड्याचं तोंड चित्राच्या मधोमध आणि शेपूट पार डाव्या चौकटीला.

"आकडे तूच घातलेस ना?"

"जपानी लोक उजवीकडून वाचतात!"

"ते मला कोण सांगणार, घोडा?"

लग्नाचा फोटो न्यायला आलेला, यंत्रमागावर काम करणारा मिथुन मान वाकडी करून बघत होता. "क्या मनोजभाय, शिफ्ट छूटी क्या इनकी? सब घर जा रहे हैं."

मनोज रडकुंडीला आला. "ताई, उघडा ना. लोक म्हणतील, हा पोरांना पळायला शिकवतो."

"शिकव की. कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये तेच कामाला येतं." असं म्हणाली खरी, पण मिथुन अजून हसतच होता. आपल्या हातच्या फ्रेमला कुणी हसावं, हे तिने कधी ऐकून घेतलं नव्हतं. तिने पक्कड उचलली.

"म्हणजे उघडताय?" मनोजने जपून विचारलं.

"उघडायला आधी पुरी व्हायला लागते," पहिला खिळा उपटत ती म्हणाली. "ही अजून झालीच कुठे? धर इकडे, आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढ."