आईचा डबा आणि पाणथळ

इथे तमिळ मुलखात, वेलचेरीजवळच्या राखीव पाणथळीवर रविवारी पर्यटकांची झुंबड उडते. मासे दिसले की लोक पाव फेकतात, तो पाण्यात कुजतो आणि मासे गुदमरतात. म्हणून मी तिथे पत्रकं वाटते, आणि कुणाचीही गय करत नाही. साताऱ्याहून आलेल्या आईला अभिमानाने सोबत नेलं, तर तिने पिशवीतून डबा काढला. माशांना घालायला कणकेच्या गोळ्या.

माझ्याबरोबर पत्रकं वाटणारे सोबती बघत होते. मी आईच्याही हातात पत्रक ठेवलं.

"आपल्या कृष्णेवर सगळेच घालतात. तिथले मासे मेले का?"

"कृष्णा वाहते, आई. हे पाणी साचलेलं आहे, आणि इथे शेकड्यांनी लोक येतात."

तिने पत्रकातला इंग्रजी मजकूर दोनदा वाचला, हिरव्या पाण्याकडे पाहिलं आणि डबा बंद केला.

"तमिळमध्ये 'नको' कसं म्हणतात?"

"वेंडाम."

मग ती पदर खोचून काठावर उभी राहिली. कुणी पुडा उघडला रे उघडला, की "वेंडाम!" एका धिप्पाड गृहस्थाने बिस्किटं मुकाट खिशात घातली. हसून हसून मला उभं राहवेना.

"हसतेस काय? त्या टोकाला जा," आई म्हणाली, "तिकडे अडवायला कुणीच नाही."